तीन फुटांवरून दिसणारे जग

संपादक महोदय,

टेबलटॉप रोलप्लेइंग गेमविषयी मराठीत आता बऱ्यापैकी लिहून येऊ लागले आहे, याचा आनंद आहे. पण ड्रॅगन, जादूगार आणि तलवारबहाद्दर यांच्यावर रकाने भरून झाले, की हाफलिंग, नोम, गॉब्लिन, कोबोल्ड या छोट्या चणीच्या मंडळींना एका ओळीत उरकले जाते: गोड, गमतीदार, नवशिक्यांना बरे. टेबलावरही तेच घडते. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ असे एकदा म्हणून झाले, की त्या पात्राची उंची पुढे कुणाच्या ध्यानातही राहत नाही. माझे म्हणणे असे, की ती उंचीच त्या पात्राची खरी मिळकत आहे. ती खेळात जागती ठेवण्याचे काम खेळ चालवणाऱ्याचे आहे, आणि ते शिकता येते.

खेळ न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेम मास्टर होतो. जग, माणसे आणि संकटे तो उभी करतो. बाकीचे एकेक पात्र चालवतात आणि ‘मी काय करतो’ ते बोलून सांगतात. निकालाची खात्री नसेल तिथे फासा पडतो. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये, म्हणजे डीअँडडीत, तो वीस बाजूंचा असतो. पात्र घडवताना सुरुवातीलाच वंश निवडायचा असतो. (पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळात २०१९ पासून त्याला ‘अँसेस्ट्री’ आणि डीअँडडीत २०२४ पासून ‘स्पीशीज’ म्हणतात; इथे मी वंशच म्हणतो.) हाफलिंग साधारण तीन फूट उंच आणि चाळीस पौंड वजनाचा. नोम तीन ते चार फुटांचा. ड्वार्फ दिसायला बुटका, पण नियमांत तो माणसाच्याच ‘मीडियम’ आकारात बसतो. ‘स्मॉल’ म्हणजे त्याच्याही खालचे. नवे खेळाडू इथे हमखास गल्लत करतात.

डीअँडडी १९७४ साली आला तेव्हा हाफलिंग या वंशाचे नाव ‘हॉबिट’ होते. हा शब्द इंग्रजी कादंबरीकार टॉल्किन यांचा. त्यांच्या साहित्याचे हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी हरकत घेतली आणि पुढच्या छपायांत त्याचे ‘हाफलिंग’ झाले. तेव्हा या पात्राला फक्त लढवय्या होता येई आणि त्याची वाढ चौथ्या लेव्हलला, म्हणजे अनुभवाच्या चौथ्या पायरीला, थांबे. १९८१ च्या बेसिक संचात ही मर्यादा आठवर गेली. नियम जवळजवळ उघडच सांगत होते, की शहाणे असाल तर हे घेऊ नका. तरी लोक घेत राहिले. का, ते त्याच पुस्तकातल्या तक्त्यांत सापडते. पहिल्या लेव्हलच्या फायटरला, म्हणजे लढवय्या माणसाला, विषातून वाचायला फाशावर १२ किंवा त्याहून जास्त लागत, हाफलिंगला ८ पुरत. म्हणजे एकाची शक्यता ४५ टक्के, दुसऱ्याची ६५. झाडाझुडपांत लपला तर १०० पैकी ९० वेळा तो सापडत नसे. माणसाहून मोठ्या शत्रूला त्याच्यावरचा नेम धरणे आणखी अवघड जाई. मारण्यात तो मागेच होता. मरण चुकवण्यात बहुतेकांच्या पुढे.

हा स्वभाव पुढच्या आवृत्त्यांनी सोडला नाही. २०१४ च्या नियमांत हाफलिंगच्या फाशावर १ पडला तर तो पुन्हा टाकायचा आणि जे येईल ते घ्यायचे. कागदावर हे फार वाटत नाही, सरासरी १०.५ वरून जेमतेम ११ च्या जवळ जाते. पण १ पडणे म्हणजे वार हमखास हुकणे. वीस वेळा फासा टाकला तर इतरांना निदान एकदा १ पडण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते, हाफलिंगला ती ५ टक्क्यांच्याही आत. सगळी संध्याकाळ तुमचे पात्र एकदाही तोंडावर आपटत नाही, हा अनुभव सरासरीत दिसत नाही. टेबलावर बसलेल्याला मात्र तो जाणवतो.

तरीही आकड्यांनी ओढ पुरी उलगडत नाही. सहा फुटी योद्धा राक्षसापुढे उभा राहिला तर ते त्याचे कामच वाटते. तीन फुटांचे कुणी उभे राहिले, तर ते पळून का गेले नाही, असा प्रश्न पडतो आणि त्या प्रश्नाबरोबर पात्र सुरू होते. दुसरे म्हणजे ते जग त्याच्या मापाचे नसते. पायऱ्या, कड्या, बाकडी, घोडे, सगळे दुसऱ्या कुणाच्या मापाने बेतलेले. टेबलावरचे काही दिसावे म्हणून कधी काळी आपण प्रत्येकजण चवड्यांवर उभे राहिलो आहोत. ती उंची अंगाला आठवते. प्रौढ माणसाची अक्कल शाबूत ठेवून त्या उंचीवर परत जायचे, ही मजा दुसरा कुठलाही वंश देत नाही.

आता हे टेबलावर आणायचे कसे? सगळ्यात सोपे म्हणजे वर्णन खालून करायचे. नेहमीचे टेबल अडीच फुटांचे. तीन फुटांच्या पात्राची हनुवटी त्याच्या कडेशी येते. खुर्चीची बैठक दीड फुटावर, म्हणजे त्याच्या निम्म्या उंचीवर. सात इंचांची पायरी त्याला तशीच लागते, जशी सहा फुटी माणसाला चौदा इंचांची. दाराची कडी तीन फुटांवर असेल तर ती त्याच्या टाळूपाशी येते आणि कुलपाचे भोक डोळ्यांसमोर. बाकीच्यांना वाकावे लागते, हा सरळ उभा राहून कुलूप चाचपतो. आणि त्याला आधी काय दिसते? चेहरे नाहीत. बुटांना लागलेला ओला चिखल, अंगरख्याखालून डोकावणारी म्यान, मेजाच्या खालच्या बाजूला अडकवलेली किल्ली, टेबलक्लॉथआड एकमेकांना डिवचणारे पाय. एखाद्या दरबारात गेम मास्टरने बाकीच्यांना सिंहासन दाखवावे, आणि हाफलिंगच्या खेळाडूकडे वळून म्हणावे, ‘वजीर हसतोय खरा, पण त्याच्या उजव्या टाचेखाली एक कागद दाबलेला आहे.’ त्या वाक्याला कुठलाही नियम लागत नाही, फासाही लागत नाही. उंचीचा उपयोग असा होतो.

तयारी करताना प्रत्येक खोलीला असा तपशील लिहीत बसू नये. दहा खोल्यांच्या नकाशात दोन किंवा तीन पुरतात. त्यांतला एक तरी गैरसोयीचा असावा: सात फुटांवरची खुंटी, खांद्यापर्यंत पाणी असलेला ओढा जो इतरांच्या मांडीलाच लागतो, गर्दीत हरवलेले साथीदार. नुसता फायदाच देत राहिलात तर लहानपण म्हणजे आणखी एक जादूची वस्तू होऊन बसते.

लढाईत आकार सगळ्यात कमी वापरला जातो, म्हणून एक चाल पूर्ण सांगतो. ओगर हा धिप्पाड राक्षस आकाराने ‘लार्ज’, नकाशावर दहा फूट बाय दहा फूट, म्हणजे दोन बाय दोन चौकोन. शत्रू दोन आकारांनी मोठा असला तर त्याच्या जागेतून पलीकडे जाता येते. माणूस आणि ओगर यांत एकाच आकाराचा फरक, म्हणून माणसाला ही वाट बंद. ‘स्मॉल’ पात्राला ती खुली. दुसऱ्याच्या अंगाखालची जागा खडतर धरतात, पाच फुटांना दहा फूट मोजायचे. दोन चौकोनांना वीस, पलीकडच्या चौकोनात उतरायला पाच, एकूण पंचवीस. २०१४ च्या हाफलिंगचा आणि नोमचा एका पाळीतला वेग नेमका पंचवीस फूट! पात्र ओगरला खेटून उभे असले, तर एका दमात त्याच्या दोन पायांमधून पाठीमागे पोचते. या सगळ्या प्रवासात ते ओगरच्या हाताच्या टप्प्याबाहेर एकदाही जात नाही, त्यामुळे जाता जाता फटका मारायची संधी त्याला मिळत नाही. २०१४ चा ऐच्छिक फ्लँकिंगचा, म्हणजे शत्रूला दोन बाजूंनी घेरण्याचा, नियम वापरत असाल, तर समोरच्या साथीदाराला आणि तुम्हाला, दोघांनाही ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. हे नोमला जमते, गॉब्लिनलाही जमते. हाफलिंगला एक सवलत जास्तीची आहे: त्याला माणसाएवढ्या शत्रूच्या जागेतूनही निसटता येते. कुठेही गेला तरी दुसऱ्याच्या अंगाखाली थांबता मात्र येत नाही. वेग अपुरा पडेल तर निघूच नये.

उलटी बाजूही सांगतो. पकड घालायची किंवा ढकलायचे, तर समोरचा आपल्याहून एकाच आकाराने मोठा चालतो. तोच ओगर नोमला ढकलता येत नाही, फासा कितीही चांगला पडो. जड शस्त्रांचे म्हणाल, तर २०१४ च्या नियमांत ग्रेटसोर्ड, ग्रेटॲक्स, हॅल्बर्ड, लाँगबो अशा ‘हेवी’ शस्त्रांनी वार करताना ‘स्मॉल’ पात्राला डिसॲडव्हांटेज मिळते, दोनांतला छोटा आकडा. नवे खेळाडू लाँगबो लिहून मोकळे होतात आणि तीन बैठकांनंतर कुणीतरी चूक दाखवते. शॉर्टबो घ्या. सरासरी इजा ४.५ ऐवजी ३.५, फरक एकाचा. पाचव्या लेव्हलच्या ‘रोग’ (चोरट्या हालचालींत तरबेज) पात्राला चोरट्या वाराचे सहा बाजूंचे तीन फासे, सरासरी १०.५, वेगळे मिळतातच. लाइटफूट ही हाफलिंगांची एक शाखा; त्यातला हाफलिंग तर आपल्याहून मोठ्या साथीदाराच्या आडही लपतो. फायटरच्या मागून बाण सोडायचा, पुन्हा त्याच्याच मागे नाहीसे व्हायचे. २०२४ मध्ये हे ‘हेवी’चे बंधन आकारावरून काढून ताकदीवर आणि चपळाईवर नेले (हातातल्या शस्त्राला स्ट्रेंग्थ १३, लांबून मारायच्या शस्त्राला डेक्स्टेरिटी १३) आणि वेगही तीस फूट केला. वेगाची कसर गेली हे मला पटते, कारण चार पावले मागे राहण्यात मौज कुणालाच नव्हती. पण त्यामुळे ‘स्मॉल’ हा शब्द कागदावर आणखी हलका झाला, आणि गेम मास्टरने तो बोलण्यातून भरून काढायची गरज वाढली.

स्वारी ही सहसा विसरली जाणारी मिळकत. आपल्याहून एक आकार मोठा आणि अंगाने योग्य असा राजी प्राणी वाहन होऊ शकतो. माणसाला त्यासाठी घोडा लागतो, आणि पाच फुटी बोळात घोडा दाटीवाटीने चालतो. हाफलिंगला मॅस्टिफ कुत्रा पुरतो: पंचवीस सुवर्णनाणी, वेग चाळीस फूट, १९५ पौंड वाहतो. चाळीस पौंडांचा स्वार, पंचावन्नची चेनमेल (कड्यांचे चिलखत), सहाची ढाल, सहाचा लान्स (स्वाराचा लांब भाला) मिळून १०७. भरपूर जागा उरते. २०१४ च्या यादीत घोडदळाचा लान्स ‘हेवी’ नाही, म्हणून तोही चालतो, आणि स्वारीवर एका हाताने. घोटाळा कुठे होतो, तर मॅस्टिफला फक्त ५ हिट पॉइंट, म्हणजे तेवढाच मार सोसण्याची ताकद. पहिला बाण त्याला लागतो आणि खेळाडूचा जीव हळहळतो. तट्टू घ्यावे, तीस नाणी, ११ हिट पॉइंट, आकार तोच. आणि २०१४ च्या नियमांत वाहन पाडले गेले तर रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करता येणारी एक झटपट कृती) खर्चून दोन पायांवर उतरता येते, हे आधीच कागदावर लिहून ठेवावे. ऐन वेळी आठवत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक अंधारातली आहे. ‘तू लहान आहेस, पुढे जाऊन बघ’ असे हाफलिंगला सर्रास सांगतात. हाफलिंगला अंधारात दिसत नाही. नोम, गॉब्लिन आणि कोबोल्ड यांना साठ फुटांपर्यंत दिसते, त्याला नाही. मशाल घेऊन गेला तर लपण्याचा प्रश्नच मिटला. पाच नाण्यांचा झाकणाचा कंदील घ्या. झाकण ओढले की पाच फुटांपुरता मंद उजेड राहतो. नाहीतर नोमला पाठवा. शिवाय २०१४ च्या नियमांत रॉक नोम (नोमांची एक शाखा) दहा नाण्यांचे सामान आणि एक तास खर्चून चावीची छोटी यंत्रे बनवतो, एका वेळी तीनपर्यंत. त्यांतली संगीतपेटी शेजारच्या खोलीत ठेवून पहारेकरी तिकडे वळवणे, हा त्या तासाचा उत्तम मोबदला.

पण एकटे पुढे पाठवण्यातच आणखी एक दुखणे आहे. छोटे पात्र भोकातून आत जाते, पुढची वीस मिनिटे गेम मास्टर आणि तो खेळाडू बोलत राहतात आणि बाकीचे मोबाइल बघतात. आतली फेरी पाच मिनिटांवर नेऊ नये. आत जे सापडेल त्याचा अर्थ बाहेरच्या कुणाला तरी लागावा: आतली कोरीव अक्षरे बोटांनी चाचपून सांगायची, लिपी जादूगाराने बाहेर ओळखायची. कमरेची दोरी दुसऱ्या खेळाडूच्या हातात द्यावी आणि ती केव्हा ओढायची हे त्यानेच ठरवावे. मग सगळे आतच असतात.

केंडर हा वेगळा अध्याय. १९८४ साली ड्रॅगनलान्स या डीअँडडीच्या कथाविश्वातून आलेला हा वंश भीती न जाणणारा, आणि दुसऱ्याच्या वस्तू सहज, मनात पाप न ठेवता उचलणारा. वर्णन लोभस आहे, पण टेबलावर त्याने मंडळे फुटतात, कारण साथीदाराची पोशन (जादुई औषधाची कुपी) ऐन लढाईत गायब होते आणि उत्तर तयार असते: ‘माझे पात्र तसेच आहे.’ उपाय खेळ सुरू होण्यापूर्वीचा आहे. वीस किरकोळ वस्तूंची यादी करावी: अर्धी मेणबत्ती, कुणाचे तरी प्रेमपत्र, तीन बटणे, हरवलेल्या घराची किल्ली. केंडरने खिशात हात घातला की फासा टाकून त्यातले एक निघावे. साथीदाराची वस्तू हवी असेल तर त्या खेळाडूची संमती आधी घ्यावी, मग आश्चर्याचे नाटक दोघांनी मिळून करावे.

छोट्या पात्राला उचलणे, फेकणे, काखेत मारणे यालाही हाच न्याय. एकदा विचारून केले तर धमाल. दर बैठकीला न विचारता केले तर तो खेळाडू हळूहळू बोलायचा थांबतो. बोबडे बोलणेही सोडावे. २०१४ च्या पुस्तकानुसार हाफलिंग विसाव्या वर्षी प्रौढ होतो आणि दीडशेच्या आसपास जगतो. नोमची आयुष्ये साडेतीनशे ते पाचशे वर्षांची. टेबलावरचा सगळ्यात बुटका बहुधा सगळ्यात जुना जाणता असतो. त्याने कुठल्या राजाला पाळण्यात पाहिले, हे त्याला विचारा. आणि एकाच साच्यात त्याला बसवू नका: डीअँडडीच्याच डार्क सन (१९९१) या जगातले हाफलिंग जंगलातले नरभक्षक आहेत, एबेरॉन (२००४) मधले डायनासोरवर स्वार होतात, तर त्याच जगात हाफलिंगांची दोन घराणी सराया आणि दवाखाने चालवतात.

शत्रूच्या बाजूचे छोटे लोक मला सर्वांत प्रिय. डीअँडडीला वाहिलेल्या ड्रॅगन मासिकाच्या १२७ व्या अंकात, १९८७ साली, रॉजर मूर यांनी ‘टकर्स कोबोल्ड्स’विषयी लिहिले, बलाढ्य पात्रांना नामोहरम करणारे ते साधे, क्षुद्र कोबोल्डच होते, फक्त स्वतःच्या घरात, विचार करून लढणारे. २०१४ च्या नियमांतही हे करता येते. कोबोल्डला ५ हिट पॉइंट. आर्मर क्लास (वार लागू न देणारा चिलखताचा आकडा) १८ असलेल्या फायटरला लागायला त्याला, बोनस धरता, फाशावर १४ हवे, म्हणजे ३५ टक्के. जोडीदार शेजारी असला तर पॅक टॅक्टिक्समुळे, म्हणजे जोडीने लढण्याच्या ॲडव्हांटेजमुळे, तेच ५८ टक्क्यांजवळ जाते. आता बोगदा तीन फुटी करा. माणसाला त्यात अंग चोरून जावे लागते: वेग निम्मा, त्याच्या वाराला डिसॲडव्हांटेज, त्याच्यावरच्या वाराला ॲडव्हांटेज. कोबोल्ड ताठ उभा. पुढच्या वळणाला भिंतीत भाल्याचे भोक, मागे ढकलून द्यायचा दगड, आणि पळायला दीड फुटी वाट जिच्यात चिलखत शिरत नाही. फक्त तो दगड पडण्याआधी खेळाडूंना माती भुरभुरताना ऐकू आली पाहिजे. इशारा न देता मारलेल्या सापळ्यावर खेळाडू चिडतात, इशारा हुकलेल्या सापळ्यावर स्वतःवर चिडतात आणि पुढच्या वेळी कान देऊन ऐकतात.

एक शेवटचे. सगळी पात्रेच लहान असतील तर? माउस गार्ड (२००८) या वेगळ्या रोलप्लेइंग खेळात सगळे खेळाडू उंदीर असतात. तिथे उंची हरवण्याचा धोका जास्त, कारण उंदराला उंदीर आपल्याएवढाच. त्या खेळात म्हणून अडथळे चार प्रकारचे मानले आहेत: हवामान, रान, प्राणी आणि इतर उंदीर. हा खेळ पहिल्यांदा चालवणाऱ्यांनी शेवटच्या प्रकाराला पहिल्या बैठकीत हात लावू नये. आधी पाऊस पाडावा, वाटेत एक भरलेला ओहोळ ठेवावा, आणि पलीकडे न्यायचे धान्याचे पोते एकाला उचलता येणार नाही इतके जड करावे.

कळावे,
आपला,
एक वाचक